एकशे चौऱ्याऐंशी पावलं

काकूंच्या मांडीवर नेहमी एक छोटी वही असायची. औषधांच्या वेळा लिहीत असतील असं मी धरून चालले होते. काकांना स्ट्रोक होऊन सात महिने झाले होते आणि त्यातले शेवटचे तीन महिने ते आठवड्यातून तीनदा माझ्याकडे फिजिओथेरपीला येत होते. डावी बाजू गेलेली, बोलणं शाबूत. त्या दिवशी व्यायाम संपला, मी काकांच्या बुटाची पट्टी लावत होते आणि काकूंनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "मॅडम, आज एकशे चौऱ्याऐंशी झाली. बरोबर ना?"

"काय झाली?"

"पावलं. यांची. आल्यापासून आत्तापर्यंत. घरी पलंगापासून बाथरूमपर्यंत नऊ होतात, म्हणजे जाऊन-येऊन अठरा. दिवसातून दहा-बारा खेपा होतात." मग जरा थांबून, "म्हणजे तुमच्यापेक्षा बाथरूमच यांना जास्त चालवतं."

काका खो खो हसले. मीही हसले, पण ते जिव्हारी लागलं. दहा-बारा वर्षं हे काम करते आहे. हात चांगला आहे असं लोक म्हणतात. आणि माझ्या पाऊण तासाचा हिशोब एका वहीने असा मांडला होता.

दुपारी जेवायला न जाता मी त्या पाऊण तासाची उजळणी केली. बीपी, चौकशी, पलंगावर आडवं होणं. पोटरी ताणणं दहा मिनिटं, कारण घोट्यात टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, जास्त. कंबर उचलण्याचा व्यायाम. आरशासमोर उभं राहून वजन डावीकडे-उजवीकडे. पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन समांतर दांड्यांना धरून, दोन फेऱ्या. मग चार पायांची काठी घेऊन बाहेर थोडं चालणं, तेही असं: "थांबा काका. आधी वजन डाव्या पायावर. गुडघा मागे सटकतोय. हां. आता मांडी उचला. आता पाऊल." प्रत्येक पावलाला माझं एक भाषण. चाल सुरेख व्हावी हा माझा हट्ट. काकांचा डावा पाय बाजूने अर्धगोल फिरून पुढे यायचा, पंजा खाली लोंबायचा. तो गोल मला मोडायचा होता. आणि फाइलमध्ये मीच गेल्या महिन्यात लिहून ठेवलं होतं, 'प्रगती स्थिरावली आहे.'

दहा मीटर चालायला त्यांना २६ सेकंद लागत होते. म्हणजे सेकंदाला ०.३८ मीटर. आमच्या क्षेत्रात ढोबळ मोजमाप असं: ०.४ च्या खाली असेल तो माणूस घरातल्या घरात वावरतो, ०.४ ते ०.८ मध्ये असेल तर बाहेर थोडंफार पडतो, आणि ०.८ च्या वर गेला की तो मोकळा झाला. काका उंबऱ्याच्या अलीकडे होते, आणि तिथेच राहतील असा शेरा मी मारून टाकला होता. दीड महिना तो आकडा हलला नव्हता. पण हलावा असं मी केलं तरी काय होतं?

आपण वाचतो सगळं, करतो मात्र शिकताना हाताला लागलेलं. २००९ साली छापून आलेलं एक निरीक्षण मला ठाऊक होतं: स्ट्रोकच्या पेशंटच्या ३१२ सत्रांमध्ये बसून कोणीतरी अक्षरशः मोजणी केली होती, आणि चालण्याचा सराव असलेल्या सत्रात सरासरी ३५७ पावलं निघाली होती. ती कमी आहेत, मेंदूत नव्या वाटा पडायला याच्या कितीतरी पट सराव लागतो, असं त्याचं सांगणं. मी ते वाचून 'खरंच, किती कमी!' म्हणाले होते. माझी त्याच्या निम्मी होती.

फिजिओथेरपिस्टांसाठीची २०२० ची मार्गदर्शक सूचना तर आणखी स्पष्ट आहे: स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेल्या माणसाचा वेग आणि दम वाढवायचा असेल तर त्याला चालवा, आणि धाप लागेल इतकं चालवा. नुसता तोल, नुसतं वजन इकडून तिकडे करणं, याने चालण्याचा वेग फारसा वाढत नाही. (हे सगळं सहा महिन्यांनंतरचं. पहिल्या २४ तासांत पेशंटला उठवून जोरात कामाला लावण्याचा प्रयोग २१०० हून जास्त पेशंटवर झाला होता, २०१५ मध्ये त्याचे निकाल आले, आणि ज्यांना जास्त उठवलं त्यांचीच अवस्था नंतर जरा वाईट निघाली. त्यामुळे कालच झटका आलेल्या माणसाला कोणी अंगणात पळवू नका.)

काकांच्या डॉक्टरांशी बोलले. हृदयाची तपासणी झाली, बीपी कितीच्या वर गेलं की थांबायचं ते लिहून घेतलं. आणि पुढच्या सोमवारी काकांना ट्रेडमिलवर उभं केलं.

वरून हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, होता, पण सैल. वजन उचलून धरायला नाही, पडले तर झेलायला. हा फरक मला काकांना तीनदा समजावावा लागला, कारण पट्टे दिसल्यावर ते त्यात निवांत टेकायला बघत होते. घोट्याला आधाराचं स्प्लिंट. डावा हात बाजूच्या दांड्यावर पट्टीने हलकेच बांधलेला, खांद्याला ओढ बसणार नाही असा. दोन मिनिटं चाल, दोन मिनिटं उभं राहून विश्रांती, असे सहा डाव ठरवले.

पहिल्या डावात मी नाडीच्या यंत्राकडे बघत होते आणि आकडा ९२ च्या पुढे जाईना. तेव्हा लक्षात आलं, काका ठोके आवरून धरणारी गोळी घेतात. यंत्राला विचारून उपयोग नाही. मग श्रमाची पट्टी दाखवली, ६ पासून २० पर्यंतची. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे आता जीव जातो. काका भिडस्त. "अकरा," म्हणाले. दुसऱ्या डावानंतर पण "अकरा." वेग वाढवला तरी अकराच. शेवटी मी पट्टी बाजूला ठेवली आणि त्यांचं बोलणं ऐकू लागले. ते ट्रेडमिलच्या आवाजाबद्दल, पट्ट्यांच्या काचण्याबद्दल, काकूंच्या वहीबद्दल तक्रार करत होते, आणि प्रत्येक तक्रार कर्ता-कर्म-क्रियापदासकट पूर्ण वाक्यात येत होती. म्हणजे दम लागलाच नव्हता! वेग आणखी वाढवला. वाक्यं तुटायला लागली. "हे जरा... मॅडम... जास्त..." मग एकेक शब्द. मग नुसता श्वास. बीपी मर्यादेत होतं. आता बरोबर.

तिसऱ्या डावात एक गोष्ट दिसली, जी मी तीन महिने सांगून सांगून झाली नव्हती. पाय मागे राहू लागला. पट्टा जोरात मागे जातो तेव्हा डावा पाय नितंबापासून मागे ओढला जातो, मांडीच्या पुढचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू सुटल्यासारखा पाय पुढे झेपावतो. गुडघा वाकतो, कारण त्याला वाकावंच लागतं. लोंबणाऱ्या पंजाचा दोष आम्ही नेहमी पंजा उचलणाऱ्या स्नायूंना देतो, पण पाय पुढे जायचा जोर खरा मागून येतो, पोटरीच्या रेट्यातून आणि मांडीतून. हळू चालवून मी तो रेटाच काढून घेतला होता. पायाचा तो गोल गेला नाही, पण आवळला.

चौथ्या डावात बुटाचं टोक अडकलं.

काकांच्या डाव्या बुटाच्या पुढच्या टोकाचं रबर तिरकं घासून गेलं होतं, खालचं कापड दिसत होतं. गेले कित्येक आठवडे मी ते दर वेळी बघत होते. ते टोक पट्ट्याला लागलं, काकांचा गुडघा दुमडला आणि ते हार्नेसमध्ये लटकले. मी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. काकू उठून उभ्या, वही खाली. माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. मी पेशंटला पडू देत नाही हा माझा अभिमान होता. कमरेच्या पट्ट्याला माझी मूठ असायची आणि काका किंचित कलले की मी आधीच सावरायचे.

काका पट्ट्यांत अधांतरी झोके घेत होते. उजवा पाय टेकला, डावा ओढून घेतला, सरळ उभे राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढंच?"

स्ट्रोकच्या दिवशी ते बाथरूमच्या दारात पडले होते, आणि मदत येईपर्यंत बराच वेळ तिथे होते. ते मला काकूंकडून माहीत होतं, काका त्याबद्दल कधी बोलले नव्हते. सात महिन्यांत ते पुन्हा पडले नव्हते. पडून उठणंही त्यामुळे झालं नव्हतं. उरलेल्या दोन डावांत टोक आणखी तीनदा अडकलं. एकदा मी धरलं. दोनदा त्यांनी स्वतः उजवा पाय चटकन पुढे टाकून सावरलं, आणि त्यातल्या दुसऱ्या वेळी माझे हात खिशात होते. मुद्दाम घातले होते.

शेवटी बसले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. पट्टी पुढे केली. बोट १६ वर ठेवलं.

"सातशे अडतीस," काकू म्हणाल्या.

माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांना हे पटलं नाही. वाकडी चाल पक्की होईल, म्हणाले. मीही परवापर्यंत हेच म्हणत होते, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. दर आठवड्याला बाजूने व्हिडिओ काढत गेले. चाल वाकडी होती ती आणखी वाकडी झाली नाही; गुडघ्याचं मागे सटकणं थोडं कमी झालं. आणि यंत्राचं कौतुक मला सांगू नका. ट्रेडमिलवरचा सराव आणि फिजिओने घरी येऊन करून घेतलेला व्यायाम यांची तुलना ४०८ पेशंटमध्ये झाली होती, २०११ साली छापून आली; वर्षअखेर दोन्हीकडे सारखंच हाती लागलं, निम्म्याहून थोडे जास्त लोक सुधारले. माझ्याकडे ट्रेडमिल होती म्हणून वापरली. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही अर्धा वेळ जिन्यावर आणि बाहेरच्या खडबडीत उतारावर घालवू लागलो, कमरेच्या पट्ट्यासह. ताणणं मी बंद केलं नाही. घरी काकू करतात, आमच्या वेळेत नाही.

आठ आठवड्यांनी दहा मीटरला १७ सेकंद लागले. ०.५९. काठी आहे, स्प्लिंट आहे, डावा हात अजून पोटाशीच असतो. एकटे घराबाहेर निघतात, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. चालताना कोणी हाक मारली तर मात्र थांबून मगच उत्तर देतात. आता चालता चालता बोलण्याचा सराव सुरू केला आहे, आकडे उलटे म्हणत. त्यात ते चिडतात.

परवा शेवटच्या फेरीनंतर काकूंनी वही बघून आकडा सांगितला, "सतराशे बारा."

"सतराशे एकतीस," काका म्हणाले. "जिन्यावरची तू धरली नाहीस."

"जिन्याच्या पायऱ्या असतात, पावलं नाही."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.