बटाटे सोलणाऱ्या बाईचा पहिला नंबर

रविवारी सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारायची आणि मग चहाच्या गाड्यावर तासभर भांडायचं, हा आम्हा चौघांचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा व्यायाम. फेरीनं कुणाचं वजन उतरलेलं नाही. भांडणानं आवाज मात्र सगळ्यांचे खणखणीत राहिलेत. विषय आधी ठरलेला नसतो. पण राजकारणावर बोलायचं नाही असं घरून बजावलेलं असलं की गाडी हटकून एकाच जागी येऊन थांबते. आजवरचा सगळ्यात थोर सिनेमा कुठला?

कोल्हापूरकराला या विषयावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती इथं. प्रभात सुरू झाली तीही इथंच, १९२९ साली. चार वर्षांनी ती पुण्याला गेली आणि ते आम्ही पुण्याला अजून माफ केलेलं नाही. खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. ज्या गावात कॅमेऱ्याला हार घालतात, त्या गावात सिनेमावर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

आमच्यातला बँकेतून निवृत्त झालेला मित्र 'संत तुकाराम'वर अडून बसलेला असतो. १९३६ चा सिनेमा, दामले-फत्तेलालांचा. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे तो दर वेळी सांगतो आणि आम्ही दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं करतो. पण व्हेनिस हे त्याचं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण जिजाई. नवरा अभंगात बुडालेला, आणि ही म्हैस, पोरं, चूल यांच्यामागं दिवसभर वणवण करणारी. चिडली की थेट विठोबाला चप्पल दाखवायला निघणारी. "तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस थोरच, वादच नाही," तो म्हणतो, "पण घर कोण चालवतंय ते बघ की!"

दुसऱ्याची तऱ्हा निराळी. त्याच्या यादीत पहिला नंबर 'सावकारी पाश'चा. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट, त्यात तरुण शांताराम.

"पाहिलायस का तू?"

"मी काय, कुणीच पाहिला नाही. प्रतच उरली नाही त्याची."

"मग थोर कशावरून?"

"भावा, वाईट निघायची भीतीच नाही!"

यावर हसायचं असतं, आम्ही हसतो. पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. आपल्याकडं हजारावर मूकपट निघाले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पूर्ण उरले. कितीतरी फिल्मा त्यांच्यातली चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याचीही प्रत नाही. म्हणजे थोर सिनेमांची कुठलीही यादी ही मुळात शिल्लक राहिलेल्यांची यादी. जो सिनेमा कुणाच्या तरी बांगडीत जाऊन बसला, त्याला मत कोण देणार?

तिसऱ्या मित्राचा सर्वश्रेष्ठ सिनेमा दर रविवारी बदलतो. शनिवारी रात्री मोबाइलवर जो पाहिला तो. त्याच्याबद्दल एवढंच.

राहिलो मी. माझं स्वतःचं मत डळमळीत असल्यामुळं मी जगाचं मत सांगतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' नावाचं मासिक आहे. ते १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं: थोर सिनेमे सांगा, दहा. जनगणनेसारखंच हे, फक्त वेळेवर होतं. प्रत्येकानं दहा नावं द्यायची, दहाही मतांचं वजन सारखं, मग नुसती बेरीज. ही रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. पहिला आलेला सिनेमा कुणाचाच पहिला नसू शकतो. सगळ्यांचा सातवा-आठवा असूनही तो जिंकू शकतो. लग्नात सगळ्यांना चालणारी आमटी असते ना, तसं.

१९५२ ला पहिला आला 'बायसिकल थीव्ज'. तेव्हा त्याचं वय अवघं चार वर्षं. आज कुणी चार वर्षांपूर्वीच्या सिनेमाला सर्वकाळचा थोर म्हटलं तर आमच्या गाड्यावर त्याचा चहा बंद होईल. वीस वर्षांत तो पहिल्या दहातून बाहेर गेला. तोवर 'सिटिझन केन' येऊन बसला होता. १९६२, ७२, ८२, ९२, २००२, सलग पाच वेळा पहिला. इतकी वर्षं एकाच खुर्चीवर म्हटल्यावर आम्हाला आमच्या भागातले काही चेअरमन आठवतात. २०१२ ला हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'नं त्याला उठवलं. या 'व्हर्टिगो'ची गंमत सांगतो, कारण ती 'सावकारी पाश'वाल्याला फार आवडते. १९५८ ला आला तेव्हा त्याचं स्वागत बेताचंच झालं. पुढं हक्कांच्या भानगडीत तो दहा वर्षं थिएटरांतून पार गायब होता. आणि नेमका त्या गायब काळात, १९८२ ला, तो पहिल्या दहात शिरला. "बघ!" आमचा मित्र मांडीवर थाप मारतो. "मिळेनासा झाला की मोठा होतो."

मग २०२२ चा निकाल आला आणि गाड्यावर दोन रविवार शांतता पसरली. पहिला नंबर शांताल आकेरमान या बेल्जियन बाईच्या सिनेमाला. १९७५ चा. नावच मुळी 'ज्यां दिएलमान, २३ के द्यु कोमर्स, १०८० ब्रुसेल्स'. म्हणजे बाईचं नाव, घरनंबर, रस्ता आणि पिनकोड. लांबी २०१ मिनिटं. गोष्ट काय? एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते.

"आणि?" बँकवाल्यानं विचारलं.

"बटाटे सोलते."

"आणि?"

"भांडी घासते."

निकालाचं कोडं तसं अवघड नव्हतं. २०१२ ला मतं देणारे होते ८४६. २०२२ ला मासिकानं ते १,६३९ केले. नव्या लोकांना बोलावलं, नव्या देशांतून बोलावलं. साखर कारखान्याच्या निवडणुका पाहत मोठ्या झालेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सभासद वाढले की पॅनेल बदलतं. काही जणांनी तेवढ्यावरून निकालाला नाकं मुरडली. मला ते पटलं नाही. जुन्या यादीवरही कुणीतरी निवडलेलेच सभासद होते. ते जुने होते म्हणून दिसत नव्हते, इतकंच.

(सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' या यादीत पस्तिसावा आला. १९९२ ला तो सहावा होता. त्या दिवशी आम्ही चौघंही एका मतानं चिडलो, ही दुर्मीळ घटना नोंदवून ठेवतो.)

सिनेमा न पाहता त्यावर भांडायला आम्हाला कधीच अडचण आली नव्हती. पण या खेपेला मला राहवेना. दुपारी घरी मी आणि आईच असतो. मी तो टीव्हीवर लावला. आई पलीकडं जमिनीवर बसून वाटाणे सोलत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे खालच्या ओळींचा उपयोग शून्य. पण या सिनेमात माणसं इतकी कमी बोलतात की तिचं काही अडलं नाही. माझंच अडत होतं. कॅमेरा हलत नाही. बाई स्वयंपाकघरात जाते, काम करते, बाहेर येते. मी दहाव्या मिनिटाला घड्याळ पाहिलं.

"बाई नीटनेटकी आहे हो," आई म्हणाली.

"कशावरून?"

"खोलीतनं बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते बघ. तुला तीस वर्षं सांगतेय मी."

या बाईकडं, म्हणजे ज्यांकडं, रोज दुपारी एक पुरुष येतो. दार लागतं, उघडतं, तो पैसे देऊन जातो. हे आईसमोर कसं निभवायचं या विचारानं मी रिमोट हातात घट्ट धरून बसलो होतो. आईनं काहीएक विचारलं नाही. ज्यांनं ते पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून झाकण लावलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "मी डाळीच्या डब्यात ठेवायची."

पाच मिनिटांनी मी सिनेमा थांबवला. कारण विचाराल तर चहाची वेळ झाली होती. कुठला डबा, कसले पैसे, कधीचे, हे मला आजवर माहीत नव्हतं आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

दुसऱ्या दुपारी आई आपण होऊन येऊन बसली. सिनेमातही दुसरा दिवस होता. पुरुष येऊन गेला, पैसे भांड्यात पडले आणि आई ताडकन म्हणाली, "झाकण राहिलं तिचं."

मला दिसलंच नव्हतं. जगातल्या समीक्षकांनी या झाकणावर किती लिहिलंय ते मी नंतर वाचलं. त्या झाकणापासून बाईचं सगळं घसरत जातं. बटाटे शिजून त्यांचा पार गाळ होतो. ते पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते, या खोलीतून त्या खोलीत, कुठं ठेवावं ते तिला सुचत नाही. मी पुन्हा घड्याळाकडं पाहणार तोच लक्षात आलं, आईचे वाटाणे थांबलेत. मग ज्यां नवे बटाटे घेऊन बसते आणि सोलते. कॅमेरा समोर, बाई समोर, बटाटा, सुरी.

"कच्चेच सोलते," आई म्हणाली. "उकडून सोलले तर साल पातळ निघते. पण आज तिचं लक्षच नाही. काहीतरी झालंय तिला."

"काय झालंय?"

"ते तिलाही कळलं नसेल अजून."

आकेरमाननं हा सिनेमा केला तेव्हा ती पंचविशीची. (ऑर्सन वेल्सनं 'सिटिझन केन' केला तोही त्याच वयात, पंचविशीत मी बँकांच्या परीक्षा देत होतो.) आपल्या आईला, मावश्यांना लहानपणी घरात वावरताना जसं पाहिलं, त्यातून तिला हे सगळं सुचलं. कानच्या महोत्सवात १९७५ साली तो दाखवला तेव्हा प्रेक्षक मध्येच उठून गेले. तिथून पहिल्या नंबरापर्यंत यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. आमच्या आईला झाकणापर्यंत यायला एक दुपार.

तिसऱ्या दिवशी ज्यांची कॉफी बिघडली. ती ओतून देते, पुन्हा करते, दूध बदलून पाहते. मुलाच्या कोटाला जुळणारं बटण शोधत दुकानं पालथी घालते. आई आता बोलत नव्हती. शेवटी जे होतं ते मी सांगत नाही, पाहायचा असेल तर पाहा. मला दचकायला झालं. आईला झालं की नाही ते कळलं नाही. त्यानंतर ज्यां जेवणाच्या टेबलाशी बसून राहते. बराच वेळ. बाहेरच्या पाटीचा उजेड भिंतीवर लुकलुकत असतो, बाकी अंधार.

"दिवा लावला नाही तिनं," आई म्हणाली.

आमच्याही खोलीत अंधारून आलं होतं. आई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत जाऊन देवापुढं दिवा लावला आणि कुकर चढवला. मी पडद्यावरची नावं संपेपर्यंत बसून होतो.

मग कुकरच्या पहिल्या शिट्टीनंतर आतून आवाज आला. "हा पहिला म्हणालास. मग दुसरा कुठला?"

"एक पोलिसवाला असतो, त्याला उंचीची भीती वाटत असते..."

"स्वयंपाक करतं का त्यात कुणी?"

मी आठवून पाहिलं. "नाही. एकदा कॉफी करून देतो तो, तेवढंच."

"तो देतो?" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "लाव बघू उद्या."