टोपी असेल तरच सॅल्यूट

शाळेच्या स्मरणिका समितीने आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. त्या बाकीचे लिहितीलच. पण समारंभाला फौजेतले माजी विद्यार्थी गणवेशात येणार आणि एनसीसीची पोरं मानवंदना देणार असं कळलं, तेव्हा वाटलं, ज्या मैदानावर पहिल्यांदा ‘सावधान’ शिकलो त्याच्या उपयोगाचं काहीतरी लिहावं.

कोल्हापूरला फौज नवी नाही. संस्थानची राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. टेंबलाई टेकडीच्या बाजूला प्रादेशिक सेनेची १०९ मराठा बटालियन आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर लोक सैनिक टाकळीच म्हणतात. तरीसुद्धा अधिकारी दारात आला की आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात: एक तर दरबारी मुजऱ्यासारखं कमरेत वाकायचं, नाहीतर ‘या की साहेब’ म्हणत खांद्यावर हात टाकायचा. फौजेची रीत या दोन्हींत बसत नाही.

सॅल्यूट त्या माणसाला नसतो, त्याला मिळालेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारपदाच्या नेमणुकीला असतो, आणि कमिशन देतात राष्ट्रपती. म्हणून पंचेचाळिशीतला सुभेदार बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आता दुसरी बाजू. सॅल्यूटला उत्तर देणं लेफ्टनंटला बंधनकारक असतं, आणि बोलताना तो सुभेदाराला ‘साहेब’च म्हणतो. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर या तिघांनाही ‘साहेब’. कमिशन्ड अधिकाऱ्याला ‘सर’, महिला अधिकारी असेल तर ‘मॅडम’. निव्वळ आडनावाने हाक मारणं कनिष्ठाच्या तोंडी कधीच येत नाही.

आता हात. सावधानात टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये ३० अंश, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीवर. तिथून उजवा हात बाजूने सरळ खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचा, मग कोपरात दुमडून तर्जनीचं टोक उजव्या भुवईच्या इंचभर वर आणायचं. तळवा पूर्ण समोर, बोटं आणि अंगठा चिकटलेले, मनगट सरळ, दंड जमिनीला समांतर. वर जाताना हात असा लांबचा फेरा घेतो; खाली येताना मात्र समोरून, सगळ्यांत जवळच्या वाटेने. ही झाली भूदलाची पद्धत. नौदलात तळवा जमिनीकडे वळलेला असतो. जहाजावर काम करून माखलेला हात वरिष्ठाला दिसू नये म्हणून, असं सांगतात. हवाई दलाने २००६ मध्ये बदल केला, तेव्हापासून त्यांचा तळवा जमिनीशी ४५ अंशांत असतो. शाळेत एनसीसीच्या ज्या विंगची (शाखेची) तुकडी असेल तिने त्या दलासारखाच हात उचलायचा. एका रांगेत दोन तऱ्हेचे सॅल्यूट दिसले की पाहुण्याच्या ते पहिल्या नजरेत भरतं.

चुका ठरलेल्या असतात. अंगठा बाहेर राहतो. कोपर पुढे घसरतं आणि छाती झाकते. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे हात डोक्याकडे नेण्याऐवजी डोकंच हाताकडे झुकतं. असं होण्याचं कारण बहुतेक वेळा बेरेत, म्हणजे गणवेशाच्या गोल टोपीत असतं. नव्या बेरेचं कापड ताठ असतं, ती डोक्यावर डोश्यासारखी पसरते किंवा भुवईवर उतरते, मग बोटाला जागाच सापडत नाही. बेरे कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर घालूनच बसवावी लागते: पट्टा भुवयांच्या इंचभर वर आडवा सरळ, बिल्ला डाव्या डोळ्याच्या बरोबर वर, उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून दाबलेलं. तशीच डोक्यावर सुकू दिली की तो आकार धरते. हे काम आठवडाभर आधी करावं. समारंभाच्या सकाळी ओली बेरे घालून उभं राहिलं की कपाळावर हिरवे ओघळ येतात.

बेरेवर एवढं लिहिलं, कारण डोक्यावर टोपी नसेल तर आपल्या भूदलात हाताने सॅल्यूट नाही. सावधान व्हायचं, नजरेला नजर द्यायची आणि ‘जय हिंद सर’ म्हणायचं, बस. सभागृहात अधिकाऱ्याने टोपी काढून ठेवली असेल तर तोही मान हलवूनच उत्तर देईल. तो रागावलाय असा अर्थ कुणी काढू नये. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांतही रांगेतली पोरं सावधानच राहतात.

चालताना वरिष्ठ समोरून आला तर साधारण तीन पावलं आधी हात वर, मान त्याच्याकडे, आणि तीन पावलं पुढे गेल्यावर हात खाली. पळत असाल तर आधी चालीवर या. उजव्या हातात फाइल असेल तर डाव्या हातात घ्या. डाव्या हाताने सॅल्यूट नसतो. दोन्ही हात अडकले असतील तर नुसतं ‘जय हिंद सर’ पुरतं. सायकलवर असाल तर हँडल सोडू नका, ताठ बसून नजर द्या. दोन अधिकारी एकत्र आले तर सॅल्यूट एकच, आणि तो दोघांतल्या वरिष्ठाला.

वरिष्ठ कोण हे खांदा सांगतो. दोन तारे लेफ्टनंट, तीन कॅप्टन, नुसता अशोकस्तंभ मेजर. अशोकस्तंभाखाली एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन तारे कर्नल, तीन तारे ब्रिगेडियर. तलवार आणि दंडुका एकमेकांवर आले की समजायचं जनरल. कॉलरवरच्या लाल पट्ट्या कर्नलपासून सुरू होतात. गाडीवरची ताऱ्यांची पाटी ब्रिगेडियरपासून. ती झाकलेली असेल तर साहेब आत नाहीत, उगाच गार्ड (मानवंदनेची तुकडी) सावधान करू नका. आपल्याच शाळेतल्या एनसीसी शिक्षकांचे हुद्दे वेगळे, थर्ड ऑफिसरपासून चीफ ऑफिसरपर्यंत; सूत्रसंचालकाने ते नीट विचारून घ्यावेत.

निमंत्रणपत्रिकेत हमखास होणारी चूक म्हणजे ‘कर्नल (निवृत्त) अमुक’. बरोबर रूप ‘कर्नल अमुक (निवृत्त)’. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. छापखान्यात जाण्याआधी एवढं एक वाचून बघा.

मानवंदनेत कमांडर पाहुण्यासमोर येऊन ‘श्रीमान, गार्ड आपके निरीक्षण के लिए हाज़िर है’ असं म्हणतो. हे वाक्य हिंदीतच पाठ असावं. ऐनवेळी मराठी-हिंदीची भेळ होते. निरीक्षण गार्डच्या उजव्या टोकापासून सुरू होतं. पाहुणा आणि रांग यांच्यामध्ये कुणीही यायचं नाही. आपल्याकडे फोटोग्राफर आणि संचालक मंडळी नेमकी तिथूनच चालतात. एरवी पाहुण्याबरोबर चालताना मुख्याध्यापकांनी त्याच्या डाव्या बाजूने चालावं. उजवी बाजू वरिष्ठाची.

रांगेतलं पोरगं धाडकन पडण्यामागे बहुतेक वेळा उपाशी पोट आणि कुलूप लावल्यासारखे ताठ केलेले गुडघे असतात. गुडघे घट्ट आवळले की पायातलं रक्त नीट वर चढत नाही. बुटात बोटं हलवत राहावीत, गुडघे किंचित सैल ठेवावेत. बाहेरून दिसत नाही. सकाळी चहा-बिस्किटावर भागवू नका, पोहे किंवा भाकरी खाऊन या.

आता सत्काराचा प्रश्न, आणि कोल्हापुरात तो मोठा आहे. आपल्याला फेटा बांधल्याशिवाय चैन पडत नाही. पण गणवेशातल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर गणवेशाचाच भाग असतो. तो उतरवून फेटा चढवायचा म्हणजे प्रेमाने केलेली पंचाईत. गळ्यात हार घातला की पदकं आणि फिती झाकल्या जातात. श्रीफळ आणि शाल हातात द्यावी, फेटा तबकात ठेवून द्यावा, आणि हे सगळं दोन दिवस आधी त्यांच्या कार्यालयात फोन करून ठरवावं. पाया पडायला पोरांना पाठवू नका. गणवेशातल्या पोराने वाकून पाया पडायचं नसतं, आणि टोपी घसरते ती वेगळीच.

वीरपत्नी किंवा वीरमाता येणार असतील तर त्यांच्या उजव्या छातीवर पदकं दिसतील. ती चुकीच्या बाजूला लावलीत असं कुणी सांगायला जाऊ नये. स्वतः मिळवलेली पदकं डावीकडे असतात, घरातल्या हुतात्म्याची उजवीकडे. त्यांना व्यासपीठावर बोलावण्यापेक्षा पाहुण्यांनी त्यांच्या खुर्चीपाशी जावं, असं माझं मत आहे.

निघताना घाई करू नका. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत स्वागत समितीने जागा सोडायची नाही. आणि साहेबांबरोबर आलेला ड्रायव्हर आणि सहायक यांच्या नाश्त्याचं पान आधी वाढा. साहेब उठले की त्यांनाही उठावं लागतं, आणि तोवर मिसळीचा कट त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.