काकांच्या फोनमधला केरकचरा

आज दुपारी परभणीला काकांच्या फोनमधले नको असलेले संदेश काढत बसलो होतो. कर्ज मंजूर झाल्याचे, रमी खेळण्याचे, आज रात्री वीज तोडली जाईल अशी धमकी देणारे असे संदेश इतके साचले होते, की पीकविम्याचा खरा संदेश त्या गर्दीत दिसेनासा झाला होता, आणि माझ्या मते खरे नुकसान तेच आहे.

पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आता एक अक्षर असते. जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारी संदेशाला ‘जी’. काकांना ते लगेच उमगले, कारण बियाण्यांच्या पिशवीवरचे टॅग वाचण्याची सवय त्यांना आहेच. मग १९०९ या क्रमांकावर संदेश पाठवून जाहिराती बंद करण्याची नोंदणी केली. मात्र दुकानात फॉर्म भरताना आपण ज्यांना संमती देऊन बसतो, त्यांना ही नोंदणी अडवत नाही, आणि साध्या दहा आकडी क्रमांकावरून जाहिराती करणारे तर तिला जुमानतच नाहीत. त्यांची तक्रार त्याच १९०९ वर सात दिवसांच्या आत करावी लागते.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’च्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडताच फोनमध्ये ॲप बसवू पाहणारी फाइल, मात्र या व्यवस्थेच्या कक्षेत येत नाही. ती न उघडता दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील, संशयास्पद संदेश कळवण्याच्या ‘चक्षु’ सुविधेत कळवली. एवढा खटाटोप सामान्य शेतकऱ्यानेच का करावा, हा काकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करायचा, हेही त्यांना कागदावर लिहून दिले आहे.