ऊसतोडीला गेलेला पेशंट ‘ड्रॉपआउट’ कसा?

परवा फंडिंगवाले येऊन गेले, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहितेय.

आमची संस्था छोटीशी, लातूर-बीडच्या हद्दीवरच्या तालुक्यात मानसिक आजारांवर काम करते. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. आजवर दुकानदार आणि रिटायर्ड गुरुजींच्या देणग्यांवर भागवलं. ओपीडी बाजाराच्या दिवशीच ठेवतो, कारण हातात बाजाराची पिशवी असली की कुठं निघालात म्हणून कुणी विचारत नाही.

यंदा एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, मिळाला. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, पण ते शाळेच्या खोल्यांना पटकन मिळतात, पेशंटच्या गोळ्यांना नाही. त्यामुळं आम्हाला खरंच आनंद झाला. डॉक्टरांची फी, औषधं, फिल्डवरच्या ताईंचा पगार, सगळं वेळेवर व्हायला लागलं. सोबत एक ॲप आलं. पेशंटच्या घरी जायचं, लोकेशन चालू ठेवायचं, व्हिजिट भरायची. लागोपाठ दोन व्हिजिट चुकल्या की नाव लाल होतं आणि पुढं ‘ड्रॉपआउट’, म्हणजे उपचार सोडलेला, असं लागतं.

आता आमच्याकडं दिवाळीच्या आसपास अर्धं गाव कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडं ऊसतोडीला जातं. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आजारी आहे म्हणून कुणी मागं राहत नाही. कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झोपायचं, पहाटे अंधारात फडात जायचं, कधी रात्रीच गाडी भरायची. रात्रीच्या गोळीनं गुंगी येते, माणूस उठत नाही, कोयत्यावरचा जोडीदार चिडतो, मग घरचेच गोळ्या बंद करतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, माणूस परत पार बिघडलेला असतो. हे वर्षानुवर्षं बघून डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या ज्या पेशंटना चालतं त्यांना महिन्याच्या इंजेक्शनवर घेतलं. निघताना अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची कुपी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर द्यायची, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरशी आधी बोलून ठेवायचं, तारीख आली की मुकादमाला फोन लावायचा. मुकादमाला आजाराचं नाव सांगायचं नाही, महिन्याची सुई आहे एवढंच. ही सगळी घडी आमच्या ताईंनी बसवली, आणि कुठल्याही कन्सल्टंटला हे सुचलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तर परवा कंपनीकडून आलेल्या सरांनी लॅपटॉप उघडला आणि पहिलाच प्रश्न, एवढे ड्रॉपआउट का? ताई म्हणाल्या, “साहेब, ते सुटले नाहीत, तोडीला गेलेत.” आणि त्यांनी वही पुढं केली. पेशंट, कारखाना, मुकादमाचा नंबर, सिस्टरचं नाव, सुई दिल्याची तारीख, आणि शेवटी ‘झोप कशी’, ‘एकटं बोलतो का’ असे दोन रकाने. सर वयानं लहान, पण माणूस सरळ. त्यांनी एकेक पान वाचलं, मध्येच एका मुकादमाला फोन लावून पेशंटशी बोलायला लावलं. पेशंट म्हणाला, “बरंय, गाडी भरतोय, नंतर बोलू.” सर हसले, म्हणाले, काम छान आहे, पण फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे. मग म्हणाले, असं करा, हे फोन ॲपमधल्या ‘जनजागृती’च्या रकान्यात दाखवा, तिथं आकडा वाढेल आणि पुढचा हप्ता अडणार नाही.

ताई लगेच म्हणाल्या, “जे झालंय तेच लिहीन. जागृती झाली नाही, सुई झालीय.”

संध्याकाळी विश्वस्तांची मीटिंग झाली, त्यात दोन तट पडले. एकजण म्हणाले, भरून टाका, पैसा पेशंटलाच लागतोय ना. त्यांचं मी उडवून लावत नाही, हप्ता अडला तर पहिली झळ औषधांनाच बसेल. पण उद्या कंपनीनं तेच आकडे बघून ठरवलं की इथं जनजागृतीच चालते, पुढच्या वर्षी पैसे पोस्टर-पथनाट्याला द्या, तर इंजेक्शनला काय राहील? आणि लाल झालेली नावं बघून कुणीतरी म्हणणारच की हे पेशंट टिकत नाहीत, टिकणारे घ्या. टिकणारे म्हणजे कोण, ज्यांना घर सोडावं लागत नाही ते!

शेवटी मी हेड ऑफिसला मेल केलाय, ॲपमध्ये ‘स्थलांतरित, उपचार चालू’ असा एक पर्याय द्या आणि फोनवरची व्हिजिट धरा, सोबत वहीच्या पानांचे फोटो, नावं आणि नंबर झाकून. उत्तर अजून आलेलं नाही. हप्ता लांबला तर या महिन्याच्या अँप्यूल उधारीवर मिळतील का, हे मेडिकलवाल्याला विचारून ठेवलंय.