पंधरावा मॉप

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. इंडीकडून आलेला पेशंट, आतड्याला भोक पडलेलं, पोट फळीसारखं कडक. कर्नाटकच्या हद्दीतली माणसं रात्री-अपरात्री गाडी करून सोलापूरच गाठतात, त्यामुळे अशी केस आम्हाला नवीन नाही. पोट उघडलं, घाण धुऊन काढली, छिद्र शिवलं. सर पोट बंद करायला लागले तेव्हा मी ट्रॉलीवरचे मॉप मोजले, मावशींनी बादलीतले. दोन्ही मिळून चौदा झाले. आम्ही पंधरा काढले होते.

ज्यांना ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॉप म्हणजे मोठ्या हातरुमालाएवढा, पदरावर पदर शिवलेला कापडाचा तुकडा. पाचाचं एक बंडल. रक्ताने भिजला की तो आतड्याच्या वेटोळ्यांत दिसेनासा होतो आणि हातालाही वेगळा लागत नाही. आत राहिला तर त्याच्याभोवती पू होतो किंवा गाठ तयार होते. त्या गाठीला गॉसिपिबोमा म्हणतात. लॅटिनमध्ये गॉसिपियम म्हणजे कापूस. चादरी-टॉवेलांच्या गावात हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. एक्स-रेत दिसणारी पट्टी असलेले मॉप बाजारात मिळतात. मी तीनदा मागणी लिहून दिली, तिन्ही वेळा खर्चाच्या कारणाने परत आली.

मोजणी पूर्ण झाल्याचं मोठ्याने सांगायचं, हे आमच्या फाईलमधल्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं आहे. शस्त्रक्रिया सुरक्षित व्हावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही तपासणी यादी आणली. एकोणीस मुद्दे, तीन थांबे : भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, पेशंट बाहेर जाण्याआधी. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीही होती, आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. ट्रेनिंगला हा आकडा दाखवला तेव्हा मी भारावून गेले होते. आमच्याकडे यादी लागू करायचं काम मी मागून घेतलं.

सहा वर्षं मी ते केलं. खरं सांगायचं तर सहा वर्षं मी फॉर्म भरून घेतले. पेशंट टेबलावर यायच्या आत टिका झालेल्या असायच्या, शेवटच्या 'मोजणी बरोबर' या चौकटीतसुद्धा. त्या रात्रीही तशीच टीक होती आणि ती मी केली होती.

म्हणूनच सर म्हणाले, "सिस्टर, बंडलातच चार असतील," तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. घाईत बंडलं उघडताना मी मोजलेच नव्हते. सरांची सुई चालूच होती. मी गप्प झाले.

बोलल्या त्या मावशी. त्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, नवरा टॉवेलच्या मागावर. खाली रबरी शीटवर त्यांनी वापरलेले मॉप पाच-पाचच्या ओळीत पसरले होते आणि पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." शेवटच्या ओळीत चारच. त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, बंडल मीच बांधले दुपारी. पाचच हाय."

ओटीत मावशी सर्जनशी बोलत नाहीत. कुणी तसा नियम केलेला नाही, पण बोलत नाहीत. सरांनी मान वर केली. भूल देणारी मॅडम नुकतीच रुजू झालेली होती. ती म्हणाली, "पेशंट स्टेबल आहे सर, थांबायला हरकत नाही." सरांनी घातलेले टाके कापले आणि पुन्हा आत हात घातला. मॉप डाव्या बाजूला, प्लीहेच्या मागे वर सरकलेला होता. त्यांनी तो शीटवर चौथ्याच्या शेजारी ठेवला. कुणी काही बोललं नाही. केस संपल्यावर हातमोजे काढताना सरांनी मावशींना त्यांचं नाव विचारलं. सगळ्यांनी एकमेकांना नाव आणि काम सांगायचं, हाही त्या यादीतला एक मुद्दा आहे. आमच्याकडे तो कायम हसून सोडून दिला जायचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसने परिपत्रक काढलं आणि फॉर्मला एक रकाना वाढवला. त्याने काही झालं नाही. झालं ते सरांमुळे. पुढच्या केसला पोट बंद करण्याआधी ते सुई हातात घेऊन थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "मावशी, किती?" उत्तर येईपर्यंत सुई चालली नाही. रोज असंच. महिनाभरात त्यांच्या हाताखालची मुलं विचारायला लागली, मग दुसऱ्या युनिटचे डॉक्टर. बंडल उघडताना आता दोघी मोठ्याने मोजतो आणि आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो. एक डॉक्टर अजूनही विचारत नाहीत. त्यांच्या केसला मीच ओरडून आकडा सांगते.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ही यादी सक्तीची केली होती. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला : पालन कागदावर जवळजवळ पूर्ण, मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. हे मला त्या रात्रीनंतर वाचायला मिळालं आणि माझी सहा वर्षं डोळ्यांपुढे आली. जिला तोंड उघडायची हिंमत नाही तिला बोलता यावं, म्हणून ती यादी होती. मी तिचा असा कागद करून टाकला की कुणाला बोलायची गरजच उरली नाही. सर त्या रात्री थांबले नसते तर? मावशी त्या रात्री पाळीवर नसत्या तर? सरांची निवृत्ती जवळ आली आहे. त्यांच्यामागे हे टिकेल का, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

फॉर्मवर तीन सह्या असतात : सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर. मावशींच्या सहीसाठी चौथी जागा करा, असं मी लिहून दिलं. उत्तर आलं, फॉरमॅट ठरलेला आहे, बदलता येणार नाही. मूळ यादीच्या तळाशी तर छापलंय की आपापल्या ठिकाणच्या पद्धतीप्रमाणे त्यात भर घाला, बदल करा. त्याची प्रत जोडून मी पुन्हा अर्ज केला आहे. मावशी कंत्राटावर आहेत, मुदत मार्चपर्यंत. तोवर त्यांचा आकडा मी माझ्या सहीच्या वर, त्यांच्या नावासकट लिहिते.