तुम्ही विचारलंत म्हणून: ते तिमोरचं कापड कुठे मिळेल?

मी हातमागाबद्दल लिहिते, फोटो टाकते, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. ते लाल-निळं कापड कुठे मिळेल, कुर्ता शिवता येईल का? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ते फातालुकू लोकांचं. पूर्व तिमोर या आग्नेय आशियातल्या देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, लोस्पालोस, तुतुआला त्या बाजूला राहतात, त्यांची भाषा बोलणारे साधारण ४० हजार. देशभर अशा कापडाला ताइस म्हणतात. विणतात बायकाच, जमिनीवर पाय पसरून बसायचं, मागाचा पट्टा कमरेमागे बांधायचा आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, ताण द्यायचा तो स्वतःच्या पाठीने. इकतची नक्षी असेल तर विणायच्या आधीच ताण्याचे धागे बांधून रंगवायचे, निळा रंग नीळीचा आणि लाल बारतोंडीच्या मुळांचा, हो तीच आपली बारतोंडी, आपल्याकडेही तिच्या मुळांपासून आल नावाचा लाल रंग काढायचे. हात पोचेल तेवढाच पन्हा निघतो म्हणून पट्टे जोडून मोठं कापड करतात.

पण ते नुसतं नेसायचं कापड नाहीये. लग्न ठरलं की मुलाकडचे म्हशी आणि तलवारी देतात, मुलीकडचे कापडं देतात, आणि हे लग्नापाशी संपत नाही, पुढे कुणी वारलं तरी दोन्ही घराण्यांचं देणंघेणं असतंच, मयताबरोबरही कापड जातं. काही नक्ष्या ठरावीक कुळांच्या मानल्या जातात. म्हणजे घराण्याची पत राखायला म्हशींसमोर बायकांनी विणलेलं कापड उभं राहतं! मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे माग चालणाऱ्या कितीतरी घरात बायका जन्मभर कांड्या भरतात, म्हणजे विणण्यासाठी सूत गुंडाळून देतात, आणि त्याला नुसती 'मदत' म्हणतात.

१९७५ ते १९९९ हा देश इंडोनेशियाच्या ताब्यात असताना लोक डोंगरात पळाले, गावं जळली, पिढ्यांची जपलेली कापडं त्यात गेली. पुढे स्वस्त मिलचं कापड आलं, विणणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या. २०२१ मध्ये युनेस्कोने ताइसला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घातलं, तेही या काळजीपोटीच.

तर, विकत मिळतं, राजधानी दिलीमध्ये ताइसचा बाजारच आहे. तिथे विक्रीसाठी विणलेलं बिनधास्त घ्या, घासाघीस न करता. फक्त कुणाच्या घरातलं जुनं, लग्नात आलेलं कापड कुणी विकायला काढलं तर घेऊ नका, आणि ताइस कापून कुर्ता तर नकोच, अंगावर अख्खं घ्या.