तीन हजारांचं व्हाउचर

मार्चअखेर. कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागाच्या टेबलावर विद्यार्थी मंडळांच्या मानधनाची व्हाउचरं पडलेली. विज्ञान मंडळाच्या सचिव मुलीनं सही करायला नकार दिला. "सर, हे मानधन नाही, माझेच पैसे मला परत देताय."

तिनं फोनवर वर्षभराचे यूपीआय व्यवहार दाखवले. फ्लेक्स ६५०, प्रमाणपत्रांची छपाई ७२०, चहा-बिस्किटं ८४०, पाहुण्यांची रिक्षा २८०, शाल-श्रीफळ ३१०. बेरीज २,८००. व्हाउचर ३,००० चं. म्हणजे वर्षभराच्या कामाचे राहिले दोनशे.

मग तास मोजायला बसलो. रजिस्टरवर चार कार्यक्रमांचे मिळून २४ तास होते. परवानगीपत्रावर विभागप्रमुख, उपप्राचार्य आणि प्राचार्य अशा तीन सह्या लागतात. त्यासाठी घातलेल्या खेपा, पाहुण्यांना केलेले फोन, खुर्च्या लावणं-उचलणं कुठेच नोंदलेलं नव्हतं. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी लागणारे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो आणि अहवालही तीच करत होती. हे आणखी ३१ तास निघाले. एकूण ५५ तास आणि हातात दोनशे रुपये. ताशी चार रुपयेसुद्धा नाहीत. त्याच इमारतीत 'कमवा आणि शिका' योजनेतला मुलगा ग्रंथालयात पुस्तकं लावतो, त्याचा मात्र तासातास मस्टरवर चढतो. याच तत्त्वावर साताऱ्यात १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कॉलेज काढलं, तेव्हा शिकणाऱ्या मुलाच्या घामाला मोल होतं. मंडळाचं काम तेवढं 'हौस' म्हणून मोकळं सोडलेलं.

खरी गोची उचलीची, म्हणजे आगाऊ रकमेची. मागणीपत्र मंजूर व्हायला आठ दिवस लागतात आणि कार्यक्रम चार दिवसांवर असतो. मग मुलं स्वतःच्या खिशातून भरतात आणि बिल घ्यायचं विसरतात. उपाय साधा आहे: वर्षाच्या सुरुवातीलाच मंडळाच्या प्रभारी शिक्षकांच्या नावे उचल काढायची. चहा कँटीनच्या खात्यावर, फ्लेक्स आणि छपाईचं बिल थेट कॉलेजच्या नावे. बिलावर तारीख आणि दुकानाचा शिक्का हवाच, नुसत्या यूपीआय स्क्रीनशॉटवर ऑडिटर अडून बसतो. रिक्षाला बिल नसतं, तिथे कुठून कुठे गेलो ते लिहून मुलाची सही आणि शिक्षकाची प्रतिस्वाक्षरी.

खर्चाचं आणि मानधनाचं व्हाउचर कधीही एक करू नये. सगळा घोळ त्यातूनच होतो. (पाच हजारांपर्यंतच्या पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागत नाही, तरी आमचे कॅशियर तीनशेच्या व्हाउचरलाही चिकटवतात. असो.)

तासांची नोंद त्याच आठवड्यात झाली पाहिजे: तारीख, काम, किती ते किती, शनिवारी शिक्षकांची सही. महिनाअखेरीला आठवून लिहिलं की प्रामाणिक मुलं कमी लिहितात आणि बेरकी दुप्पट. आणि मानधन एका पदाधिकाऱ्याच्या नावे काढून "आपसांत वाटून घ्या" म्हणणं म्हणजे भांडणाला आवतण. इथेही तेच झालं होतं. राबणारी चार मुलं, व्हाउचर एकीच्या नावे.

ते व्हाउचर रद्द केलं. २,८०० अंदाजपत्रकातल्या कार्यक्रम खर्चाच्या शीर्षातून काढले. मानधनाचे ३,००० तासांवर वाटले: चौघांचे ५५, २२, १४ आणि ९, मिळून बरोबर १०० तास. म्हणजे ताशी तीस रुपये. १,६५०, ६६०, ४२० आणि २७०, प्रत्येकाच्या बँक खात्यावर थेट, एनईएफटीनं. तीस हा दरही ग्रंथालयातल्या मुलाहून कमीच, पण शीर्षात तेवढीच तरतूद होती. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मंडळनिहाय तास आधी धरून रक्कम मागितली आहे.

दुसऱ्या दिवशी २७० रुपयांचं एनईएफटी परत आलं. त्या मुलाचं खातं दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्यानं निष्क्रिय झालं होतं. पासबुकाची झेरॉक्स घेतली होती, खातं चालू आहे का ते मात्र कुणीच विचारलं नव्हतं. केवायसीसाठी त्याला बँकेत पिटाळलं तेव्हा ३१ तारखेला दोनच दिवस उरले होते.